दुधाचा तंतू

मराठी घरात सकाळी तापत ठेवलेले दूध फाटले, तर घरातील मंडळींचा चेहरा क्षणभर उतरतो. ‘दूध नासले’ हे दोन शब्द गृहिणी ज्या स्वरात उच्चारते, त्यात हळहळ असते आणि अपशकुनाची थोडी शंकाही असते. मग कोणी त्यात साखर घालून ते आटवते, कोणी ते फडक्यात बांधून टांगते. पण जे झाले ते बिघडले, ही भावना काही जात नाही. इटलीच्या दक्षिणेस कांपानिया नावाचा एक प्रांत आहे. तेथे गेली कित्येक शतके रोज सकाळी म्हशीचे दूध जाणूनबुजून साखळवले जाते. त्याचा घट्ट गोळा तासन् तास आंबू दिला जातो आणि मग तो कढत पाण्यात घालून सुताच्या लडीसारखा लांबच लांब ओढला जातो. ह्या खटाटोपातून पांढरेशुभ्र, चकचकीत, बोटाने दाबले तर दूध पाझरणारे जे चेंडू तयार होतात, त्यांना मोझरेला म्हणतात.

हा पदार्थ आता साऱ्या जगाला ठाऊक झाला आहे. मुंबई-पुण्यापासून कोलकात्यापर्यंतच्या दुकानांत त्याची पाकिटे मिळतात आणि पिझ्झ्यावर वितळलेले त्याचे धागे लहान मुले कौतुकाने ओढून पाहतात. परंतु पाकिटातला हा कोरडा, किसण्याजोगा प्रकार म्हणजे मूळ वस्तूचा दूरचा नातेवाईक होय. मूळ मोझरेला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खावयाचा असतो. तो घरी करू पाहणारी माणसे आज अनेक देशांत आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. तो का फसतो, हे समजून घेण्यासाठी ह्या पदार्थाचा इतिहासच पाहावा लागतो; कारण त्या इतिहासात एकच धडा पुन्हा पुन्हा येतो.

आरंभ करावयाचा तो म्हशीपासून. युरोपातील माणसाला म्हैस हे परके जनावर होते. नदीकाठच्या म्हशीला माणसाने प्रथम माणसाळवले ते भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात, असे आज पशूंच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मानतात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर म्हशीची आकृती आढळते. तेथून समुद्रमार्गे ती मेसोपोटेमियात पोचली असावी. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कड राजवटीतील एक दंडगोल मुद्रा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे २२०० वर्षांच्या त्या मुद्रेवर लांब, वळलेल्या शिंगांच्या दोन म्हशी पाणी पिताना कोरलेल्या आहेत. पंढरपुरी म्हशीची पाठीवर रुळणारी शिंगे ज्याने पाहिली आहेत, त्याला ते चित्र परके वाटणार नाही.

इटलीत म्हैस केव्हा आली, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. आठव्या शतकातील इतिहासकार पॉल द डीकन ह्याने आपल्या लोंबार्ड लोकांच्या इतिहासात, सहाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत ‘बुबाली’ नावाची जनावरे आली आणि लोकांनी ती आश्चर्याने पाहिली, अशी नोंद केली आहे. हे ‘बुबाली’ म्हणजे म्हशीच, असे काही अभ्यासक म्हणतात. दुसरे काही म्हणतात की तो एखादा रानबैल असावा. अरबांनी म्हशी सिसिलीत आणल्या आणि नॉर्मन राजांच्या काळात त्या तेथून मुख्य भूमीवर आल्या, असेही एक मत आहे. मार्ग कोणताही असो, मध्ययुगात म्हशी दक्षिण इटलीत स्थिरावल्या एवढे निश्चित.

त्या स्थिरावल्या त्या कोठे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. नेपल्सच्या उत्तरेला वोल्तुर्नो नदीचे खोरे आणि दक्षिणेला सालेर्नोपलीकडे सेले नदीचे मैदान, हे दोन्ही प्रदेश त्या काळी दलदलीचे होते. नद्यांचे पाणी समुद्राला मिळण्यापूर्वी पसरून साचत असे. उन्हाळ्यात त्यावर डासांचे थवे उठत आणि हिवतापाने माणसे खंगत. गाईबैलांना तेथे निभाव लागणे कठीण होते. म्हशीला मात्र हेच वातावरण मानवले. तिच्या अंगात घर्मग्रंथी थोड्या असल्यामुळे तिला डुंबावयास पाणी हवेच असते, रुंद खुरांमुळे ती चिखलात रुतत नाही आणि दलदलीत उगवणाऱ्या भरड गवतावर तिचा निर्वाह होतो. माणसाला नकोशा झालेल्या जमिनीचे तिने दूध करून दिले. जर्मन महाकवी गटे मार्च १७८७ मध्ये पेस्तुमची ग्रीक देवळे पाहावयास ह्याच मैदानातून गेला, तेव्हा वाटेत भेटलेल्या म्हशींचे लाल, रानटी डोळे त्याच्या चांगलेच लक्षात राहिले. देवळांसाठी आलेल्या त्या प्रवाशाला त्या डोळ्यांमागचे दूध काही दिसले नाही. म्हशीच्या वाट्याला हे बहुधा सर्वत्रच येते. आपल्याकडेही गाईची पूजा होते आणि रेड्यावर यम बसतो. चहात मात्र दूध म्हशीचेच असते.

ह्या दलदलीत गुराख्यांनी आणि चीज करणाऱ्या कारागिरांनी एक विशिष्ट प्रकारची इमारत उभी केली. तिला ‘बुफालारा’ म्हणत. दगडी बांधणीची ही वास्तू गोलाकार असे, मधोमध धुराडे आणि त्याखाली चूल. भोवतीच्या खोल्यांत माणसे राहत, तेथेच दूध येई आणि तेथेच त्याचे चीज होई. बाजारपेठ दूर आणि रस्ते वाईट. अशा ठिकाणी उन्हाळ्यातील दूध काही तासांत आंबून जावयाचे. ते टिकवावयाचे, तर त्याचे रूप बदलणे भाग होते. ह्या कारागिरांच्या हातून जे चीज प्रामुख्याने बाहेर जाई, ते धुरी दिलेले असे. कारण धुरी दिलेला गोळा प्रवास सोसतो. ताज्या गोळ्याला प्रवास सोसवत नाही. तो जेथे जन्मला त्या भोवतालच्या चार गावांचाच होता.

तथापि त्याची कीर्ती मठांपर्यंत आणि राजवाड्यांपर्यंत गेली. काप्वा येथील सान लोरेंझोच्या मठात बाराव्या शतकात यात्रेकरूंना भाकरीबरोबर ‘मोझ्झा’ किंवा ‘प्रोवातुरा’ नावाचे चीज दिले जाई, असे परंपरा सांगते. ‘मोझरेला’ हे नाव मात्र छापील पुस्तकात निश्चितपणे सापडते ते १५७० मध्ये. त्या वर्षी पोपच्या पाकशाळेचा प्रमुख बार्तोलोमेओ स्काप्पी ह्याने ‘ओपेरा’ नावाचा पाकशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लोणी आणि इतर दुग्धजन्य पदार्थांच्या पंक्तीत ताज्या मोझरेलाचाही उल्लेख आहे.

ही दोन नावे थोडी थांबून पाहण्यासारखी आहेत. ‘मोझ्झारे’ म्हणजे तोडणे. ओढून मऊ झालेल्या लडीतून कारागीर अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या चिमटीने एकेक गोळा तोडतो, त्यावरून मोझरेला. ‘प्रोवा’ म्हणजे चाचणी. गोळा ओढण्याजोगा झाला की नाही हे पाहण्यासाठी त्याचा जो तुकडा काढून कढत पाण्यात घालतात, त्याच्याशी ‘प्रोवातुरा’ ह्या नावाचा संबंध जोडला जातो. म्हणजे एक नाव हाताच्या कृतीवरून आले आणि दुसरे कारागिराच्या निर्णयावरून. दूध कोणते, गाव कोणते, मालक कोण, ह्यांपैकी कशालाही त्या लोकांनी नावात स्थान दिले नाही.

तो निर्णय कोणता, हे समजण्यासाठी एका दिवसाचे काम डोळ्यांपुढे आणले पाहिजे. सकाळचे दूध लाकडी पिंपात ओतले जाई. त्यात कालच्या चीजमधून निथळलेले आंबट पाणी थोडे घालीत. आपल्या घरी कालच्या दह्याचे विरजण आज लावतात, तसाच हा प्रकार. मग कोवळ्या वासराच्या किंवा रेडकाच्या चौथ्या जठरातून काढलेला पाचक रस, म्हणजे रेनेट, मिसळला जाई. थोड्या वेळात दूध मऊ खरवसासारखे बसे. ते लाकडी दांड्याने फोडून अक्रोडाएवढे तुकडे करीत. हे तुकडे तळाशी बसून पुन्हा एकमेकांना चिकटत आणि त्यांचा एक गोळा होई. हा गोळा आपल्याच कोमट पाण्याखाली चार-पाच तास पडून राही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की आता काही घडत नाही. वास्तविक जे काही घडावयाचे ते ह्याच वेळात घडत असते.

कारागीर मधूनमधून गोळ्याचा छोटा तुकडा काढी, कढत पाण्यात घाली आणि ओढून पाही. तुकडा तुटला तर अजून अवकाश आहे. चुरा झाला तर वेळ निघून गेली. रेशमासारखा न तुटता लांब होत गेला, तर तीच घटका. मग सारी धावपळ सुरू होई. गोळ्याच्या पातळ चकत्या कापून त्यांवर उकळते पाणी ओतावयाचे, काठीने त्या उचलीत ओढीत एकजीव करावयाच्या, पृष्ठभाग चिनी मातीसारखा तुळतुळीत झाला की चिमटीने गोळे तोडावयाचे आणि थंड पाण्यात, नंतर मिठाच्या पाण्यात सोडावयाचे. निथळून उरलेले आंबट पाणी पुन्हा तापवून त्यातून रिकोट्टा नावाचे मऊ चीज काढीत. त्यातलेच थोडे पाणी उद्याच्या विरजणासाठी राखून ठेवीत. अशा रीतीने आजचा दिवस उद्याला बांधलेला असे.

तुकडा ओढला जातो तो का, ह्याचे उत्तर विसाव्या शतकातील रसायनशास्त्राने दिले. दुधात केसीन नावाचे प्रथिन सूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असते. ह्या कणांना आतून घट्ट धरून ठेवण्याचे काम कॅल्शियम करते. रेनेट त्या कणांचे बाहेरचे आवरण कापून काढते, तेव्हा ते परस्परांना चिकटून जाळे तयार होते. नंतर आंबवणारे सूक्ष्म जंतू दुधातील साखरेचे आम्ल करू लागतात, आणि आम्ल वाढेल तसे कॅल्शियम विरघळून जाळ्यातून बाहेर पडते. कॅल्शियम फार राहिले तर जाळे ताठर राहून तुटते. फार गेले तर ते विसकटते. मधल्या एका अवस्थेत ते उष्णतेने वितळून एका दिशेने तंतूंसारखे लांबते. आम्लता मोजण्याची पीएच नावाची जी पट्टी आहे, तिच्यावर ताज्या दुधाचे माप साडेसहाच्या थोडे वर असते. विरजणाने आंबलेला गोळा ओढण्याजोगा होतो तो सुमारे ५.२ ह्या मापावर. ही पट्टी सोरेन्सन ह्या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. त्यापूर्वी निदान तीन शतके कांपानियातील निरक्षर कारागीर हेच माप दोन बोटांनी घेत होते.

राजसत्तेचे लक्ष ह्या कलेकडे गेले ते अठराव्या शतकात. नेपल्सच्या बूर्बोन राजांनी काझेर्ताजवळ कार्दितेल्लो येथे शाही शेती वसवली. तेथील प्रासाद वास्तुकार फ्रांचेस्को कोल्लेचीनी ह्याने १७८७ च्या सुमारास राजा फर्दिनांद चौथा ह्याच्यासाठी उभारला. घोड्यांच्या पैदाशीबरोबर तेथे म्हशींचा कळप आणि चीज करण्याची व्यवस्थाही होती. पुढे १८६१ मध्ये इटली एक झाली, आगगाड्या धावू लागल्या आणि सकाळी तोडलेला गोळा त्याच दिवशी दूरच्या शहरांत पोचण्याची सोय झाली. जवळपासच्या चार गावांचा पदार्थ आता नगरांचा झाला. कार्दितेल्लोचे पुढे हाल झाले. तो प्रासाद दीर्घकाळ उपेक्षित राहिला, चोरांनी लुटला आणि अखेर २०१४ मध्ये इटलीच्या सरकारने तो विकत घेऊन त्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले.

विसाव्या शतकाने म्हशींवर संकट आणले ते माणसांच्या भल्यासाठी. दलदलीमुळे हिवताप, म्हणून दलदल काढून टाकण्याच्या मोठ्या योजना विशेषतः १९२० नंतर हाती घेण्यात आल्या. कालवे खणले गेले, जमीन कोरडी झाली, तेथे भाजीपाला आणि गहू पिकू लागला. हिवताप ओसरला आणि १९७० मध्ये इटली हिवतापमुक्त म्हणून घोषित झाली. ह्या यशाबद्दल कोणी खेद मानणार नाही. पण पाणी गेले तशी म्हशीची जागाही गेली आणि कळप आटले. त्यातच युद्ध आले. ९ सप्टेंबर १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य सालेर्नोच्या आखातात ज्या किनाऱ्यावर उतरले, तो सेलेच्या ह्याच मैदानाचा किनारा होता. अशा परिस्थितीत ही कला संपावयाचीच; ती संपली नाही, कारण लोकांनी म्हशीला दलदलीतून गोठ्यात आणले. आज इटलीत सुमारे चार लाख म्हशी आहेत.

कला टिकली तशी तिची नक्कलही वाढली. गाईच्या दुधाचा, दूर कारखान्यात झालेला माल म्हशीच्या नावावर विकला जाऊ लागला. तेव्हा १९८१ मध्ये उत्पादकांनी आपला संघ स्थापन केला. पुढे १९९३ मध्ये इटलीने आणि १९९६ मध्ये युरोपीय संघाने ‘कांपानियाचा म्हशीच्या दुधाचा मोझरेला’ ह्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले. दूध केवळ म्हशीचेच हवे, म्हशी ठरलेल्या प्रदेशातल्याच हव्यात, पाणी वगळता उरणाऱ्या भागात चरबी निदान ५२ टक्के हवी, अशा अटी त्यात आहेत. नाव सुरक्षित झाले तरी भूमी सुरक्षित होती असे नाही. २००८ मध्ये कांपानियातील काही गोठ्यांच्या दुधात डायऑक्सिन नावाचे विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि दक्षिण कोरियासारख्या देशांनी काही काळ आयात थांबवली. बेकायदा टाकलेल्या आणि जाळलेल्या कचऱ्याकडे तेव्हा सर्वांची बोटे वळली. कायदा नावाचे रक्षण करतो. पाणी, माती आणि गवत ह्यांचे रक्षण रोज नव्याने करावे लागते.

ह्या दरम्यान मोझरेला समुद्र ओलांडून गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतून लाखो माणसे अमेरिकेत गेली. त्यांना तेथे म्हशी मिळाल्या नाहीत. गाईच्या दुधावर त्यांनी आपली बोटे चालवली आणि न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीतील दुकानांत ताजे गोळे रोज तोडले जाऊ लागले. पिझ्झ्याची भूक वाढली तसे कारखान्यांनी कमी पाण्याचा, आठवडे टिकणारा प्रकार काढला आणि तोच जगभर पसरला. ताज्या गोळ्याची आठवण मात्र मागे राहिली, आणि त्या आठवणीतूनच घरी चीज करण्याची हौस उदयाला आली. रिकी कॅरोल ह्या बाईंनी १९७८ मध्ये अमेरिकेत घरगुती चीजसाठी लागणारे साहित्य पुरवण्याचा व्यवसाय काढला आणि अर्ध्या तासात मोझरेला करण्याची रीत लोकप्रिय केली. बार्बरा किंगसॉल्व्हर ह्या प्रसिद्ध कादंबरीकर्त्रीने २००७ मध्ये आपल्या कुटुंबाच्या अन्नविषयक प्रयोगांवर लिहिलेल्या पुस्तकात ह्या कामाचे वर्णन केले, तेव्हा ती रीत आणखी दूरवर गेली.

ही घरगुती रीत थोडक्यात अशी. चार लिटर दूध घ्यावयाचे. दीड चमचा सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूफूल, पेलाभर थंड पाण्यात विरघळवून त्यात घालावयाचे. दूध मंद आचेवर ३२ अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे अंगाच्या उष्णतेहून थोडे कमी, कोमट करावयाचे. बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात रेनेट पाण्यात मिसळून घालावयाचे, अर्धा मिनिट ढवळून मग हात लावावयाचा नाही. दहा-पंधरा मिनिटांत दूध बसते. सुरीने चीर दिल्यावर कडा स्वच्छ राहिल्या आणि चिरेत पिवळट निवळ पाणी भरले, की त्याचे बोटभर रुंदीचे चौकोनी तुकडे करावयाचे. ते हळूहळू ४१ अंशांपर्यंत तापवून निथळावयाचे. मग ८० अंशांच्या पाण्यात बुडवून, हातमोजे घालून, गोळा दुमडीत ओढावयाचा. मीठ घालावयाचे, चकाकी आली की गोळे तोडून थंड पाण्यात टाकावयाचे. गाईच्या चार लिटर दुधाचे चारशे ग्रॅमच्या आसपास मोझरेला होते. तेवढ्याच म्हशीच्या दुधातून त्याच्या दुपटीहूनही अधिक निघू शकते.

येथे लिंबूफुलाने जी किमया केली आहे ती ध्यानात घ्यावी. जंतूंना पाच तास लागत होते ते काम त्याने एका क्षणात केले. रेनेटही आता जठर वाळवून घरी काढावे लागत नाही. क्रिश्चन हान्सेन ह्याने १८७४ मध्ये, पुन्हा कोपनहेगनलाच, ते प्रमाणित करून विकण्यास आरंभ केला. आज बुरशीपासून किंवा किण्वनाने बनवलेले, वासराशी संबंध नसलेले रेनेट मिळते, म्हणून शाकाहारी माणसालाही हे चीज वर्ज्य राहिलेले नाही. तापमापक आहे, तराजू आहे, रीत छापलेली आहे. तरीही पहिला प्रयत्न फसतो तो का?

पुष्कळदा दोष दुधाचा असतो. दीर्घकाळ टिकावे म्हणून अतिशय तापवलेल्या खोक्यातील दुधातली इतर प्रथिने केसीनला चिकटून बसतात. मग जाळे घट्ट विणले जात नाही आणि हाती भुसभुशीत पनीर येते. आपल्याकडील घरांची अडचण हीच आहे. दूध घरात आले की ते प्रथम उकळावयाचे, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा नेम. उष्ण हवेत आणि जनावरांपासून माणसाला जडणाऱ्या रोगांच्या भीतीत तो नेम शहाणपणाचाच आहे आणि कच्च्या दुधाचा धोका पत्करून कोणी चीज करू नये. डेअरीत सौम्य रीतीने पाश्चरीकरण केलेले, घरी पुन्हा न उकळलेले दूध घेतले, म्हणजे आरोग्य आणि तंतू दोन्ही साधतात.

पण दूध योग्य असूनही फसवणूक होते, तेव्हा तिचे कारण माणसात असते. रीतीत दहा मिनिटे लिहिली आहेत म्हणून तो दहाव्या मिनिटाला सुरी चालवतो; दुधाकडे पाहत नाही. गोळा तुटू लागला की घाबरून तो अधिक जोराने मळतो, वास्तविक गोळ्याला बळ नको असते, थोडे अधिक ऊन पाणी हवे असते. ‘पाण्यात म्हैस, वर मोल’ ही आपली म्हण येथे तंतोतंत लागू पडते. समोरची वस्तू न पाहता तिचा हिशेब करणाऱ्याची फसगत ठरलेली असते. तिसऱ्या किंवा चौथ्या खेपेस त्याच्या हे ध्यानात येते. मग तो घड्याळ बाजूला ठेवतो, छोटा तुकडा काढतो, कढत पाण्यात घालतो आणि ओढून पाहतो. ज्या क्षणी तो असे करतो, त्या क्षणी काप्वाच्या मठातील आणि सेलेकाठच्या बुफालारातील कारागीर त्याचे गुरू होतात. पुस्तकाने त्याला साहित्य दिले; चाचणी त्याची त्यालाच करावी लागली.

भारत हा म्हशीचा आद्य देश. येथे ही कला का रुजली नाही, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. दूध नासवणे अशुभ, जठरातील रेनेट अभक्ष्य आणि दही, ताक, तूप ही दुधाची रूपे आपल्याला पुरेशी, ही कारणे उघड आहेत. तरी ती सर्वत्र लागू पडली नाहीत. सुरतेकडील पारशी मंडळी टोपलीत बसवलेले मऊ पनीर रेनेटनेच करीत आली आहेत. जम्मूच्या डोंगराळ भागात तर कलाडी नावाचा पदार्थ आहे. दूध आंबट निवळीने साखळवून त्याचा गोळा ओढून, थापून वाळवतात आणि तव्यावर त्याच्याच तुपात परततात. त्याचे तंतू मोझरेलासारखेच निघतात. उधमपूरच्या कलाडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे सेलेच्या काठी जी गोष्ट सापडली, ती हिमालयाच्या पायथ्याच्या पशुपालकांच्या हातालाही सापडली होती. तेथेही कोणी तरी गोळा ओढून पाहिला असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गेल्या काही दशकांत पंजाबातील अनेक माणसे इटलीत दुभत्या जनावरांच्या गोठ्यांत कामाला गेली आहेत. उत्तरेत पो नदीच्या खोऱ्यात ती गाई सांभाळतात आणि कांपानियात म्हशी. म्हशीला कसे चुचकारावे, ती पान्हा का चोरते, तिला पाणी केव्हा हवे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. सिंधूच्या खोऱ्यातून हजारो वर्षांपूर्वी निघालेल्या जनावराला, त्याच खोऱ्यातील हातांनी दूर समुद्रापलीकडे पुन्हा गाठले आहे. त्यांनी काढलेले दूध सकाळी पिंपात जाते, कालचे आंबट पाणी त्यात पडते आणि काही तासांनी एक कारागीर दोन बोटांत छोटा तुकडा धरून कढत पाण्यातून वर उचलतो.

तुकडा तुटला नाही, तर त्या दिवसाचे काम सुरू होते.